उजेड पोचेल तिथवरच सिमेंट पक्के

गेल्या पंधरवड्यात बाजारपेठेतले एक किराणा दुकानदार माझ्या दवाखान्यात आले. खालची मागची दाढ किडून तिला चांगलाच खड्डा पडला होता. थंड पाणी लागले की कळ यायची. तपासून मी म्हणाले, "काका, नस अजून शाबूत दिसते. आज भरून घेतलीत तर दाढ वाचेल."

काकांनी खिशातून मोबाईल काढला आणि कोणीतरी पाठवलेला निरोप माझ्यापुढे धरला. "अहो डॉक्टर, हे वाचा. आता म्हणे डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांनी दात भरतात. एकदाच मसाला भरायचा, किरण मारायचा, की झालं काम. तुमच्याकडे ते मशीन येऊ द्या. तोवर मी थांबतो."

काकांच्या मोबाईलवरची बातमी साफ खोटी नव्हती. अशा किरणांवर खरोखरच संशोधन चालू आहे. पण तेवढ्यासाठी किडलेली दाढ घेऊन थांबणे शहाणपणाचे आहे का? हाच प्रश्न इतरही रुग्णांना पडत असणार, म्हणून आजचा लेख या विषयावर.

निळा दिवा नेमके काय करतो?

ज्यांनी अलीकडे दात भरून घेतला आहे, त्यांना तो निळा दिवा आठवत असेल. डॉक्टर दाताच्या रंगाचा मऊ मसाला खड्ड्यात बसवतात, त्यावर पेनासारख्या उपकरणातून निळा उजेड धरतात आणि वीस-एक सेकंदांत मसाला दगडासारखा कडक होतो. पुष्कळांना वाटते की दिव्याच्या उष्णतेने तो वाळतो. तसे नाही. इथे वाळण्याचा काही संबंध नाही. ही रासायनिक क्रिया आहे.

या मसाल्याला कॉम्पोझिट म्हणतात. आपण त्याला 'दाताच्या रंगाचे सिमेंट' म्हणू. त्यात काचेची अतिशय बारीक पूड आणि एक चिकट राळ असते. राळेचे रेणू सुटे असतात, म्हणून ती मऊ असते. यार्डात सुट्या उभ्या असलेल्या रेल्वेच्या डब्यांची कल्पना करा. डबा डब्याला जोडला गेला की लांबच लांब गाडी तयार होते. तसे हे रेणू एकमेकांत गुंतून लांब साखळ्या आणि साखळ्यांचे जाळे तयार होते, आणि मऊ राळ कडक होते. पुस्तकी भाषेत याला बहुवारिकीकरण म्हणतात.

पण डबे आपोआप जोडले जात नाहीत. कोणीतरी हिरवे निशाण दाखवावे लागते. हे काम मसाल्यात अत्यल्प प्रमाणात मिसळलेले कॅम्फरक्विनोन नावाचे पिवळे द्रव्य करते. नावातले कॅम्फर म्हणजे आपला देवघरातला कापूरच. त्याच्यापासूनच हे द्रव्य बनवतात. त्याला ४७० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश मिळाला की ते चेतते आणि जोडणी सुरू करते. उजेड नाही, तर जोडणीही नाही.

इथवर कसे आलो?

अमेरिकेत रॉचेस्टर येथे डॉ. मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये दाखवून दिले, की दाताचा पृष्ठभाग फॉस्फोरिक आम्लाने किंचित खरखरीत केला तर त्याला राळ घट्ट चिकटते. पुढे डॉ. राफेल बोवेन यांनी आजच्या कॉम्पोझिटला पायाभूत ठरलेली राळ तयार केली. तिचे पेटंट त्यांना १९६२ मध्ये मिळाले. सुरुवातीला दोन मलमे एकत्र कालवून हा मसाला घट्ट करीत असत, घरात गळती बुजवायला आपण दोन भागांचे सिमेंट मळतो तसेच. कालवले की घड्याळ सुरू. मसाला नीट बसवायच्या आत तो घट्ट व्हायला लागायचा.

१९७० च्या सुमारास अतिनील किरणांचे दिवे आले. त्यांनी डॉक्टरांना सवड मिळाली, पण हे किरण फार खोल जात नसत आणि डोळ्यांना व त्वचेला त्यांचा धोका होता. त्या दशकाच्या अखेरीस निळ्या प्रकाशावर घट्ट होणारे मसाले निघाले, आणि तेच आजतागायत चालू आहेत. आधी हॅलोजनचे दिवे होते. जपानमध्ये शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये तेजस्वी निळा एलईडी तयार केला. या निळ्या एलईडीच्या कामगिरीबद्दल त्यांना अकासाकी आणि अमानो यांच्यासह २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज जवळजवळ प्रत्येक दंतवैद्याच्या टेबलावर हाच निळा एलईडी असतो.

गुरुजींची दाढ

आता माझीच एक चूक सांगते. दवाखाना सुरू केला तेव्हा माझ्याकडे जुना हॅलोजनचा दिवा होता. ते भारनियमनाचे दिवस होते, विजेचा दाब सारखा कमी-जास्त व्हायचा. दिवा लागला, निळा उजेड दिसला, की मी समाधानी असे.

मला चौथीला शिकवलेले गुरुजी एक दिवस दाढ भरायला आले. खड्डा खोल होता. बाहेर गर्दी होती आणि वीज जायची वेळ जवळ आली होती. मी मसाला एकाच जाड थरात बसवला, नेहमीइतका वेळ उजेड दिला आणि वर टोकून पाहिले. टणटणीत वाजले. गुरुजी खूश, मीही खूश.

वर्ष व्हायच्या आत गुरुजी गाल धरून परत आले. मी भरलेले काढू लागले, तेव्हा वरचा थर कडक होता, पण तळाचा मसाला हत्याराच्या टोकाने खरवडला जाईल इतका मऊ. तळाशी फट पडून कीड नसेपर्यंत गेली होती आणि दाढ आतून पोखरली होती. ती काढावी लागली. कदाचित पहिल्या वेळी थोडी कीड माझ्याकडून आत राहिलीही असेल, पण कच्चा राहिलेला तळ मी माझ्या हातांनी खरवडला होता.

मी गुरुजींना खरे ते सांगितले. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अगं, हे म्हणजे पाठांतर पक्कं आणि अर्थ कच्चा, तसं झालं. वरून विचारलं की पोरगं धडाधड म्हणतं. आतलं कोणी विचारत नाही."

त्याच महिन्यात एका ज्येष्ठ सहकाऱ्यांकडून दिव्याची ताकद मोजायचा छोटा मीटर मागून आणला. काटा जिथे किमान ३०० ते ४०० वर जायला हवा, तिथे तो निम्म्यावरच थबकला. डोळ्यांना मात्र दिवा पहिल्याइतकाच निळाशार दिसत होता. बल्ब जुना झाला होता, आतली गाळणी काळवंडली होती. तेव्हापासून मीटर माझ्या टेबलावर कायम आहे, आणि मोठा खड्डा मी एका थरात भरलेला नाही.

निळा उजेड खोल का जात नाही?

प्रकाश मसाल्यात शिरला की काही शोषला जातो आणि बराचसा काचेच्या पुडीवर आपटून इकडेतिकडे फाकतो. निळ्या रंगाच्या बाबतीत हे अधिक होते. म्हणून नेहमीचे कॉम्पोझिट सुमारे दोन मिलिमीटरच्या थरांत भरायचे आणि प्रत्येक थराला वेगळा उजेड द्यायचा, असा नियम आहे. जाड थरासाठी खास बनवलेले मसाले आता मिळतात. ते साधारण चार मिलिमीटरपर्यंत चालतात. दिव्याचे टोक दातापासून लांब गेले, तिरके झाले किंवा मसाल्याचा रंग गडद असला, तर तळाशी आणखी कमी उजेड पोचतो. तळ कच्चा राहिला की मसाल्याची दाताशी पकड सुटते, फट पडते, सुटे राहिलेले रेणू नसेला त्रास देऊ शकतात आणि कीड खालून पुन्हा काम सुरू करते.

जुन्या 'चांदी'ला ही अडचण नव्हती. चांदी भरणे म्हणजे चांदी, कथील, तांबे यांची पूड पाऱ्यात कालवून खड्ड्यात दाबणे. ती अंधारातही घट्ट होते. पण तिच्या वजनात जवळजवळ निम्मा पारा असतो. पाऱ्याचे प्रदूषण कमी करण्यासाठी २०१३ मध्ये मिनामाता करार झाला. भारताने त्याला २०१८ मध्ये मान्यता दिली. युरोपीय संघाने तर १ जानेवारी २०२५ पासून अगदी अटळ असेल तेवढे सोडून चांदी भरणे बंद केले आहे. चांदी जसजशी मागे पडेल, तसतसा 'उजेड तळापर्यंत पोचला का' हा प्रश्न अधिकाधिक दातांच्या बाबतीत विचारावा लागणार आहे.

न दिसणारे किरण

आता काकांच्या मोबाईलकडे वळू. लाल रंगाच्या पलीकडे डोळ्यांना न दिसणारा जो प्रकाश असतो, त्याला अवरक्त म्हणतात. त्यातला लाल रंगाला लागून असलेला पट्टा म्हणजे निकट-अवरक्त किरण. ते आपल्या घरातच आहेत. टीव्हीच्या रिमोटचे पुढचे टोक मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. बऱ्याच मोबाईलवर तिथे जांभळट ठिपका लुकलुकताना दिसेल. करोनाच्या साथीत घरोघरी आलेले, बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचे यंत्रही एक लाल आणि एक अवरक्त किरण बोटातून आरपार सोडूनच काम करते.

बोटातून आरपार, हाच मुद्दा आहे. अंधारात विजेरीवर तळहात ठेवला तर बोटे लालबुंद दिसतात. विजेरीच्या पांढऱ्या उजेडात निळा असतो, हिरवा असतो, पण बोटातून बाहेर येतो तो मुख्यतः लाल. लालच्या थोडे पलीकडचे किरण शरीरातून याहूनही बरे जातात. मग शास्त्रज्ञांनी विचार केला, की या खोल जाणाऱ्या किरणांनीच मसाला घट्ट करता आला तर?

अडचण अशी, की हे किरण खोल जातात पण त्यांच्या अंगात जोर कमी. पूर्वी रेल्वे स्टेशनवर वजनाचे यंत्र असे. रुपयाचे नाणे टाकले की खटकन तिकीट बाहेर पडे. आठ आण्यांचे टाकले तर यंत्र ढिम्म हलत नसे. प्रकाशही असाच नाण्यांनी येतो. कापरापासून बनलेल्या त्या द्रव्याला निळ्या प्रकाशाचे रुपयाचे नाणे लागते. ९८० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशाचे नाणे जेमतेम ४८-४९ पैशांचे. अशी हजार नाणी टाकली तरी एकेकाने काम होत नाही.

यावर तोड आहे. पैसे गोळा करून मोड बांधून देणारा मध्यस्थ नेमायचा. फ्रान्समध्ये फ्रांस्वा ओझेल यांनी १९६६ मध्ये दाखवले, की यटर्बियम आणि थुलियम या दुर्मिळ धातूंची जोडी हे काम करते. यटर्बियम अवरक्त प्रकाशाची लहान नाणी गोळा करून एकेक करीत थुलियमकडे देतो. दोन नाण्यांत रुपया भरत नाही, म्हणून तिसरे लागते. मग थुलियम रुपयाचे एक नाणे, म्हणजे निळा प्रकाश, बाहेर टाकतो. उरलेली चिल्लर उष्णतेत जाते. हे धातू मिसळलेले सूक्ष्म कण मसाल्यात कालवले, की खोलवर गेलेला अवरक्त किरण तिथेच निळ्या उजेडात बदलतो. बाहेरचा दिवा तळापर्यंत पोचत नसेल, तर प्रत्येक कणाने आतच छोटी पणती लावायची, असा हा प्रकार.

स्वित्झर्लंडमधील झुरिच येथील ईटीएच या संस्थेच्या संशोधकांनी दाताच्या मसाल्यात असे कण घालून अवरक्त प्रकाशाने तो घट्ट होतो, हे २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. चीनमधील सिचुआन विद्यापीठाच्या चमूने २०२० मध्ये याहून पुढची मजल मारली. त्यांनी उंदराच्या कातडीखाली द्रव मसाला टोचला आणि बाहेरून अवरक्त किरणांचा आकार टाकून, कापाकापी न करता, आत कानासारखी आकृती घट्ट केली. उद्या तुटलेले हाड किंवा झिजलेली कूर्चा सुईने भरून बाहेरून उजेड दाखवता येईल, ही आशा यातूनच आहे.

मग दवाखान्यात का नाही?

पहिले कारण, उष्णता. नाणी गोळा करण्याच्या व्यवहारात फार घट येते. बहुतेक ऊर्जा वाटेतच जाते, म्हणून किरण जोरकस लागतो. त्यात ९८० नॅनोमीटरचे किरण पाणीही शोषते, आणि दाताच्या नसेत, हिरडीत पाणीच जास्त. नस उष्णतेला फार नाजूक असते. माकडांवरच्या, १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या प्रयोगात नसेचे तापमान सुमारे साडेपाच अंश सेल्सियसने वाढले, तेव्हा शंभरातील पंधरा दातांच्या नसा पुन्हा सावरल्या नाहीत. दाढ वाचवायला जावे आणि नसच मारून बसावे, असे होऊन चालणार नाही. ८०८ नॅनोमीटरच्या किरणांनी पाणी कमी तापते. म्हणून त्यावर चालणारे कणही बनवले जात आहेत.

दुसरे कारण, ते कण. भरलेला दात आपण वर्षानुवर्षे चावायला वापरतो. मसाल्यात राहिलेले हे कण इतकी वर्षे तोंडात निरुपद्रवी राहतात का, त्यांनी मसाला ठिसूळ होतो का, हे माणसांवर दीर्घकाळ पाहावे लागेल. तिसरे कारण, डोळे. निळा उजेड निदान दिसतो, आपण डोळे मिटतो. अवरक्त किरण दिसतच नाही, त्यामुळे डोळ्यांत गेला तरी पापणी मिटत नाही.

छपाईच्या धंद्यात धातूच्या काही प्लेटांवर ८३० नॅनोमीटरच्या लेझरने राळेचा थर घट्ट करतात, कारण प्लेट तापली तरी तिला काही होत नाही. दाताचे तसे नाही. दात जिवंत आहे.

रुग्णांनी लक्षात ठेवावे

१. दात भरताना डॉक्टर थोडा मसाला, उजेड, पुन्हा थोडा मसाला, पुन्हा उजेड असे करीत असतील तर कंटाळू नका. "लवकर उरका" असा आग्रह धरू नका. ती मिनिटे तुमच्या दाढेचे आयुष्य वाढवतात.

२. उजेड देत असताना तोंड पूर्ण उघडे ठेवा आणि डोके हलवू नका. दिवा जरा सरकला तरी तळाशी पोचणारा उजेड घटतो.

३. निळ्या उजेडाकडे टक लावून पाहू नका. नारिंगी चष्मा दिला तर लावा, नाहीतर डोळे मिटून घ्या. सोबत आलेल्या मुलांनाही पाहू देऊ नका.

४. "तुमच्या दिव्याची ताकद मोजता का?" असे विचारायला संकोच करू नका. हा प्रश्न अपमानाचा नाही. मला कोणी तो वेळेवर विचारला असता, तर गुरुजींची दाढ वाचली असती.

५. जिथे उजेड पोचणे कठीण, तिथे आपोआप घट्ट होणारी सिमेंटेही असतात. डॉक्टरांनी ती सुचवली तर त्यांना हलकी समजू नका.

६. भरलेला दात थंड-गरमाने सतत ठणकू लागला, चावताना दुखू लागला किंवा कडेला अन्न अडकू लागले, तर वरून चांगला दिसतो म्हणून बसून राहू नका.

७. 'लेझरने दात भरतो' किंवा 'अदृश्य किरणांचे फिलिंग' अशी जाहिरात दिसली, तर नेमका कोणता मसाला, कोणता दिवा, हे विचारून घ्या. निळ्या दिव्यालाच लेझर म्हणण्याची पद्धत काही ठिकाणी आहे.

काकांना मी हे सगळे शक्य तितक्या थोडक्यात सांगितले. त्यांनी विचारले, "म्हणजे ते मशीन येणारच नाही?" मी म्हणाले, "येईलही काका. शास्त्रज्ञ खटपट करताहेत, आणि आलं तर सगळ्यात आधी मला आनंद होईल. पण कीड काही मशीनची वाट बघत बसत नाही. आज खड्डा भरता येतो. उद्या नस दुखावली तर रूट कॅनाल, आणि त्यानंतर माझ्या हातात फक्त दाढ काढणं उरेल."

काकांनी दुकानात फोन करून मुलाला गल्ल्यावर बसायला सांगितले. आम्ही तीन थरांत दाढ भरली. प्रत्येक थरानंतर ते एक डोळा किलकिला करून विचारत होते, "झालं का?" आणि मी सांगत होते, "अजून एक थर, काका."